बासरीवाल्याने इलेक्ट्रॉनिक सुषिर (फुंकून वाजवायचं) वाद्य घ्यावं का? (ईडब्ल्यूआय, एरोफोन इ.)

मध्यलय | शनिवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. या विषयावर आधी धागा निघाला असेल तर दुवा द्या, मला सापडला नाही.

मी पुण्यात असतो, बासरी शिकतो. ई स्केलची मोठी बासरी. ऑफिसातून घरी पोचेपर्यंत साडेनऊ होतात आणि सोसायटीच्या भिंती पातळ. खालच्या काकूंनी अजून तक्रार केलेली नाही, पण लिफ्टमध्ये भेटल्या की "काल बराच वेळ चाललं होतं" म्हणतात. त्यात सगळं आलं.

तर हेडफोन लावून फुंकता येईल असं इलेक्ट्रॉनिक वाद्य घ्यावं असं डोक्यात आहे. यूट्यूबवर सॅक्सोफोनवाले लोक वाजवताना दिसतात, बासरीवाले जवळजवळ नाहीत. माझे प्रश्न: बासरीची बोटं त्यावर चालतात का? मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं) निघते का? आणि लॅपटॉपला जोडून दोन-चार अभंग रेकॉर्ड करायचे तर अजून काय काय लागतं? बजेट ताणता येईल, पण बायकोला पटेल इतकंच.

परसदार | रविवार, पहाटे ४:१०

(आमच्याकडे न्यूजर्सीत अजून शनिवार संध्याकाळ आहे, पहाटे उठून लिहिलं असं समजू नका.)

माझ्याकडे आकाई कंपनीचं ईडब्ल्यूआय (इलेक्ट्रॉनिक विंड इन्स्ट्रुमेंट) आहे, यूएसबीवालं. जरा लांबण लावतो, कारण दुकानदार हे सांगत नाहीत.

यूएसबीवाल्या नळीत आवाज नसतो. आत फुंकर मोजणारा प्रेशर सेन्सर आहे, बोटं कुठे टेकली ते ओळखणाऱ्या धातूच्या कळा आहेत आणि दातांनी चावलं की व्हायब्रॅटो (सुराची थरथर) देणारं तोंड आहे. या सगळ्याचे आकडे होऊन मिडीच्या (इलेक्ट्रॉनिक वाद्यांची आपसात बोलायची भाषा) वायरीतून पुढे जातात. आवाज करतं ते पलीकडचं सॉफ्टवेअर किंवा साउंड मोड्यूल. काही मॉडेलांत आवाजही आतच असतात, तरी हिशोब तोच: निम्मं वाद्य वायरीच्या पलीकडे आहे. लोक सगळे पैसे नळीवर घालतात आणि फुकटातला बासरीचा आवाज लावून "छे, खोटं वाटतं" म्हणून माळ्यावर टाकतात. मी उलट सांगेन. आधी आवाज निवडा, मग उरलेल्या पैशात नळी.

थोडा इतिहास, कारण तुमच्याकडे रविवार आहे. या घराण्याचं पहिलं नावाजलेलं वाद्य लिरिकॉन, १९७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये बिल बर्नार्डी यांनी केलेलं. त्याच दशकात नाइल स्टाइनर नावाच्या ट्रंपेटवाल्याने स्वतःसाठी इलेक्ट्रॉनिक ट्रंपेट बनवला, त्यातून पुढे लाकडी फुंकवाद्यांच्या बोटांचं ईडब्ल्यूआय निघालं आणि १९८७ मध्ये आकाईने ते बाजारात आणलं. यामाहाचं डब्ल्यूएक्स ७ सुद्धा त्याच वर्षीचं. मायकेल ब्रेकर हा टेनर सॅक्सोफोनचा बादशहा स्टेप्स अहेड या जॅझ बँडबरोबर स्टाइनरची नळी वाजवायचा. ते रेकॉर्डिंग शोधून ऐका. तो तिथे सॅक्सोफोनची नक्कल करत नाही, सॅक्सोफोनवर जे निघूच शकत नाही ते काढतो.

खर्ज | रविवार, सकाळी ८:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. बासरीत ओठ आणि फुंकरीची धार यांच्यामध्ये जे घडतं तेच वाद्य आहे. ती धार जरा आत-बाहेर केली की सूर चढतो-उतरतो, रंग बदलतो. तुमच्या त्या नळीला ओठ कळतच नाहीत, फक्त दाब कळतो. मग उरलं काय? फुंकून वाजवायचा कीबोर्ड.

रात्री रियाझच करायचा तर खिडक्या लावा, पलटे गळ्याने म्हणा. गुरुजींनी गळ्यावरून शिकवलं असेल तर त्याचाही उपयोग होतो.

बँडमास्तर_कोल्हापूर | रविवार, सकाळी ९:३०

खर्ज साहेब, तुमचं पटतंय, पण स्टेजवरची गोष्ट वेगळी हाय बघा. मी लग्नाच्या बँडात क्लॅरनेट वाजवली, पुढं ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोन. ऑर्केस्ट्रात बासरीचे, सनईचे पीस कोण वाजवतंय? कीबोर्डवाला. दोन बोटं टेकवली की आवाज आला, उचलली की गेला. त्यात श्वास कुठला राव! गाणं तेच, नोटेशन तेच, पण पब्लिकला कळतं काहीतरी मेलंय. तोच पीस मी नळीत फुंकून वाजवला की निदान कुठं श्वास घ्यायचा, कुठं सूर सोडायचा हे तरी माणसासारखं येतं.

एकाच नळीतून सनई, बासरी, ट्रंपेट. मालक खूष. मात्र सनई लावली तर सनईवाल्यासारखं तोंडात आणा आधी. सॅक्सच्या सवयीनं सनईचा आवाज फुंकला तर पोंगा वाजल्यागत होतंय.

मध्यलय | रविवार, सकाळी १०:१५

वा, बराच मजकूर जमला. परसदार, बोटांचं सांगा ना. माझ्या बासरीत तीन बोटं बंद म्हणजे सा. यात काय?

परसदार | रविवार, संध्याकाळी ६:५०

हाच खरा प्रश्न. ईडब्ल्यूआय, एरोफोन, यामाहा, सगळ्यांची मूळ बोटं सॅक्सोफोन-रेकॉर्डर वळणाची. बासरीशी ताडून बघितली तर आधी फार आनंद होतो आणि मग दोन ठिकाणी ठेच लागते.

डाव्या हाताची तीन बोटं बंद केली की जी वाजतो. त्याला सा धरा. दोन बोटं ए, म्हणजे रे. एक बोट बी, म्हणजे ग. सगळं उघडं सोडलं की सी शार्प, म्हणजे तीव्र म, अगदी बासरीसारखं. खाली पाच बोटं ई म्हणजे मंद्र ध, सहाही बंद डी म्हणजे मंद्र प. इथवर हात आपोआप चालतात.

आता ठेच. चार बोटं बंद केली की बासरीवर शुद्ध नी येतो. इथे एफ वाजतो, म्हणजे कोमल नी! शुद्ध नीसाठी उजव्या हाताची तर्जनी उचलून मधलं बोट टेकवायचं. दुसरं म्हणजे शुद्ध मध्यम. बासरीत वरचं भोक अर्धं उघडून काढतो, इथे डाव्या हाताचं फक्त मधलं बोट. यमनमध्ये म सुटतो पण नी छळतो, भीमपलासात म छळतो. पहिले काही दिवस मी यमन वाजवायला जायचो आणि नी कोमल लागायचा.

सप्तकाचं तर पूर्ण वेगळं. बासरीत जोर वाढवला की तार सप्तक. ईडब्ल्यूआयवर डाव्या अंगठ्याखाली रोलरांची रांग असते, अंगठा वर सरकवला की सप्तक बदलतं. जुनी सवय मात्र जात नाही: तार सा आला की आपण जोराने फुंकतो, सप्तक तर अंगठ्याने बदललेलंच असतं, त्यामुळे तो सा नुसता किंचाळतो. आणि हवा फारशी आत जातच नाही, म्हणून ओठांच्या कडेने थोडी सोडत राहावी लागते. बासरीवर दम पुरत नाही, इथे दम साठून जीव घुसमटतो.

सोल्डरगन | रविवार, रात्री ९:२०

बासरीची बोटं जशीच्या तशी हवी असतील तर वॉर्बल नावाचं छोटं वाद्य बघा. त्यात कळा नसतात, खरी भोकं असतात आणि प्रत्येक भोकाखाली इन्फ्रारेड सेन्सर. बोट किती सरकलंय ते त्याला कळतं, म्हणून अर्धं भोक आणि बोट घसरवून काढलेली मींड दोन्ही निघतात. ते मुळात आयरिश टिन व्हिसल आणि बॅगपाइपवाल्यांसाठी आहे. टिन व्हिसलची बोटं म्हणजे सहा बंद डी, चार बंद एफ शार्प, तीन बंद जी. मोजून बघा, आपल्या बासरीचाच क्रम आहे, नीसकट. फक्त आडवं धरता येत नाही, पाव्यासारखं उभं. आणि तुमच्या ई बासरीवर बोटं जितकी फाकतात तितकी इथे फाकत नाहीत, लहान बासरीचा हात लागतो.

बाकी मी स्वतःच एक बनवतोय. टीन्सी बोर्ड (संगणकाला थेट यूएसबी मिडी म्हणून दिसतो), स्पर्शासाठी एमपीआर १२१ ची चिप, तिच्यावर १२ स्पर्शबिंदू मिळतात, आणि शून्य ते दहा किलोपास्कलचा प्रेशर सेन्सर. नळी पीव्हीसीची. दिसायला प्लंबरच्या पिशवीतून पडल्यासारखी आहे, पण वाजते.

चाफेकळी | रविवार, रात्री ९:४४

माझ्या मुलाला (वय ८) शाळेत रेकॉर्डर आहे. त्याला हे घेऊन दिलं तर चालेल का? आवाज कमी करता येईल हेच मुख्य आकर्षण :)

बँडमास्तर_कोल्हापूर | रविवार, रात्री १०:०२

ताई, रेकॉर्डरच वाजवू द्या त्याला. आपली फुंकर वाकडी गेली की सूर फाटतो हे कानाला कळायला पाहिजे. हिच्यात सूर फाटतच नाही, मग पोरगं शिकणार कशावरनं? दोन-तीन वर्षांनी बघा. तोवर तुम्ही हेडफोन घाला.

खर्ज | सोमवार, सकाळी ७:४०

बँडमास्तरांनी माझंच म्हणणं माझ्यापेक्षा बरं मांडलं.

आता एक प्रश्न. दरबारी रागाचा कोमल गंधार या यंत्रावर कसा लावणार? तो सूर एका जागी उभा राहत नाही. आणि तंबोऱ्यातून जो गंधार ऐकू येतो तो पेटीच्या गंधाराहून उतरा असतो. तुमचं सॉफ्टवेअर पेटीचाच देणार.

परसदार | सोमवार, सकाळी ८:३०

खर्जकाका, मुद्दा खरा आहे. आकड्यांत सांगायचं तर स्वयंभू शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), पेटीच्या, म्हणजे समान भागांच्या सप्तकातला ४०० वर. १४ सेंट चढा. तंबोरा चालू असला की हे सरळ कानात खुपतं. पंचम मात्र दोनच सेंटने हलतो, तो सहन होतो. बासरीवाला हा फरक ओठाने भरून काढतो, इथे ओठ नाहीत. उपाय म्हणजे सूर हवे तसे बसवू देणारं सॉफ्टवेअर घ्यायचं. बऱ्याच सिंथेसायझरांत ट्यूनिंगची फाईल भरता येते. रागाप्रमाणे बसवायचं, सतारवाले पडदे सरकवतात तेच काम.

आणि दरबारीचा ग: ईडब्ल्यूआयवर उजव्या अंगठ्याच्या दोन्ही बाजूंना पिच बेंडच्या (सूर वाकवायच्या) पट्ट्या असतात, एक चढवते, एक उतरवते. मी रे वर बोटं ठेवून अंगठा चढत्या पट्टीकडे हळूहळू लोटतो आणि परत आणतो. दातांचा व्हायब्रॅटो तिथे अजिबात वापरायचा नाही, तो लगेच हॉटेलातल्या सॅक्सोफोनसारखा होतो. दरबारी झाला असा दावा नाही. आंदोलन मात्र माझ्या अंगठ्याचं असतं, मशीनचं नसतं.

मींडेबद्दल एक कळीची गोष्ट. पिच बेंडची मर्यादा सहसा वर-खाली दोन-दोन श्रुतींची, माफ करा, दोन-दोन अर्धस्वरांची ठेवलेली असते. म्हणजे पूर्ण दाबलं तरी सा वरून फार तर रे. म वरून तार सा पर्यंत जायचं तर सॉफ्टवेअरमध्ये ती मर्यादा १२ अर्धस्वर करा. मिडीत पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे सप्तकभर ताणलं तरी पायऱ्या ऐकू येत नाहीत. तोटा असा की अंगठा जरा हलला तरी सूर हलतो. त्यासाठी रियाझ.

पोर्टामेंटो नावाची आयती सोय असते, एका सुरावरून दुसऱ्यावर आपोआप घसरण. मला ती आवडत नाही. सगळ्या मींडा एका वेगाने, एका वळणाच्या. मींडेत मध्ये कुठे रेंगाळायचं हे माणसाने ठरवायला हवं.

मांडवीकाठ | सोमवार, दुपारी १:१५

बोटं उघडझाप करणाऱ्या कळांवर गमक (सुराला दिलेला जोरकस हेलकावा) निघत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी कादरी गोपालनाथ (१९४९–२०१९) ऐकावेत. सॅक्सोफोनवर अख्खं कर्नाटक संगीत, गमकांसकट. अर्थात त्यांच्याकडे रीड (तोंडातली कंप पावणारी पातळ पट्टी) होती, ओठ होते, हा खर्ज यांचा मुद्दा उरतोच. पण "या वाद्यावर आपलं संगीत होणार नाही" हे वाक्य बासरीनेही ऐकलेलंच असणार. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब, खर्जातली बासरी मैफलीत बसवली त्याआधी ख्यालाच्या मैफलीत ती होती कुठे?

आमच्या गोव्यातली जुनी वाजवणारी मंडळी, चर्चच्या शाळेत सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) शिकून मुंबईच्या स्टुडिओंत गेलेली, या बाबतीत बिनधास्त होती. आज ट्रंपेट, उद्या सॅक्स, परवा जे पुढ्यात येईल ते. शुद्धतेची चिंता आपण घरी बसून करतो. आणि लिरिकॉन दुर्मीळ वाटत असेल तर मायकेल जॅक्सनचं 'बिली जीन' लावा, टॉम स्कॉटने वाजवलेलं लिरिकॉन त्यात आहे. अख्ख्या जगाने ऐकलंय, कुणाला माहीत नाही.

मध्यलय | मंगळवार, रात्री ११:०५

अपडेट. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे असं वाद्य निघालं, काल घरी आणलं. लॅपटॉपला जोडलं, मोफत मिळालेला बासरीचा आवाज लावला. सूर बदलतात, पण हळू फुंका, जोरात फुंका, आवाज एकसारखाच! फुंकर थांबली की बंद, बस. शिवाय बोट टेकल्यावर आवाज जरा उशिरा येतो, द्रुत वाजवताना तबल्याच्या मागेच राहतो. वाद्य बिघडलंय का?

सोल्डरगन | मंगळवार, रात्री ११:३०

वाद्य ठणठणीत आहे. फुंकर मिडीच्या सीसी २ (कंट्रोल चेंज क्रमांक २) या वाटेने जाते, शून्य ते १२७ आकड्यांत. तुमचा आवाज त्या वाटेकडे बघतच नाहीये, कारण तो कीबोर्डवाल्यांसाठी बनलाय. दोन मार्ग आहेत: सॉफ्टवेअरमध्ये सीसी २ ला आवाजाची पातळी आणि जमलं तर फिल्टरसुद्धा जोडा, नाहीतर वाद्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फुंकर सीसी ११ वर पाठवा, त्याला बहुतेक सगळे आवाज जुमानतात. फिल्टर विसरू नका. खऱ्या बासरीत जोर वाढला की आवाज नुसता मोठा होत नाही, उजळतोही.

आणि की व्हेलॉसिटी (सूर सुरू होतानाचा जोर) एका आकड्यावर बांधून टाका, नाहीतर प्रत्येक सुराची सुरुवात वेगळ्याच जोराने होईल.

उशीर हा बफरचा, म्हणजे संगणक आवाज बाहेर सोडण्याआधी जेवढा साठवतो त्याचा, खेळ. ४८ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे जवळपास ११ मिलिसेकंद, १२८ केलात तर पावणेतीनच्या आत. त्यात बाकीची यंत्रणा आपली भर घालतेच. विंडोज असेल तर एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) लागेल. ब्लूटूथ हेडफोन लावले असतील तर आधी ते काढा, वायरवाले लावा. तुमचा निम्मा आजार तिथेच असणार.

मध्यलय | मंगळवार, रात्री ११:५८

ब्लूटूथच होते 🙈 वायरवाले लावले, सीसी ११ केलं. एकदम जिवंत! पण आता हलक्या फुंकरीला काहीच येत नाही आणि जरा जोर लावला की एकदम मोठं.

परसदार | बुधवार, पहाटे ५:०५

ब्रेथ कर्व्ह. फुंकरीचा दाब आणि आवाज यांचं नातं सरळ रेषेत ठेवायचं की वळणाचं, ते ठरवता येतं. सहकाऱ्याने ते स्वतःच्या फुंकरीला लावलेलं असणार, आणि सॅक्सवाले बासरीवाल्यांपेक्षा बरंच दाबून फुंकतात. सेन्सर तुमच्या फुंकरीवर नव्याने बसवा: सगळ्यात हलकी फुंकर सुराच्या उंबरठ्यावर, सगळ्यात जोराची १२७ च्या थोडी अलीकडे. पहिली संध्याकाळ फक्त यातच घालवा, एकही राग वाजवू नका. एकच सा, शून्यातून उगवून परत शून्यात. तो मनासारखा आला की वाद्य तुमचं.

आवाजाबद्दल: रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांपेक्षा गणिताने नळीतली हवा उभी करणारे आवाज फुंकरीला जास्त प्रामाणिक असतात. स्टॅनफर्डच्या ज्युलियस स्मिथ यांच्या कामावर यामाहाने १९९४ मध्ये व्हीएल १ काढला तो याच जातीचा. आज इटलीच्या ऑडिओ मॉडेलिंगचे स्वाम आवाज त्या वाटेचे आहेत. त्यांची बासरी म्हणजे पाश्चात्त्य फ्लूट, पण बांबूच्या हुबेहूब नकलेपेक्षा ती फुंकरीला नीट उत्तर देते. मी तर तेही सोडलं. साधी सॉटूथ लहर, एक फिल्टर, थोडा घुमारा. कशासारखाच नसलेला आवाज. त्यात मारवा वाजवताना मला बासरीची आठवण येत नाही.

खर्ज | बुधवार, सकाळी ७:५५

हे शेवटचं मला मान्य. बासरीचा मुखवटा काढून टाकलात तर माझी तक्रार उरत नाही. जमल्यास तो मारवा इथे टाका. ऐकून बोलेन.

बँडमास्तर_कोल्हापूर | बुधवार, सकाळी १०:४०

मध्यलय, घ्यायचंच ठरलं तर दोन गोष्टी. वाजवून झालं की तोंडाचा भाग काढून पुसा, लाळ आत साठू देऊ नका. आणि टचच्या कळावाल्या नळीवर हात धुवून बसा, पण अगदी कोरडे ठणठणीत करू नका. एसी हॉलमध्ये बोटं सुकली की कळा ओळखत नाहीत, घाम सुटला की नको तिथं बोलतात. सेन्सिटिव्हिटीचं सेटिंग असतं, कार्यक्रमाआधी हॉलमध्येच बघून घ्या, घरी नाही. शिवाय स्टेजवर जाणार असाल तर वायर. बिनवायरीचं कौतुक घरी करा.

मध्यलय | बुधवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. सध्याचा विचार असा: रात्रीच्या बासरीच्या रियाझासाठी वॉर्बल, कारण हाताची सवय मोडायची नाही. नी चुकायला लागला तर गुरुजी मला उभा करतील. ईडब्ल्यूआयचा मोह परसदारांच्या मारव्यानंतर ठरवू.

सोल्डरगन, तुमची पीव्हीसीची नळी पुण्यात असेल तर एकदा फुंकून बघता येईल का? चहा माझ्याकडून.

सोल्डरगन | बुधवार, रात्री १०:३१

पुण्यातच आहे, कोथरूडला. रविवारी या. सहाव्या भोकाचा स्पर्श अजून अधूनमधून दगा देतो, म्हणजे मंद्र पंचम नशिबावर. तुमची बासरीही घेऊन या, भोकांमधली अंतरं मोजायची आहेत.

चाफेकळी | बुधवार, रात्री १०:५०

रविवारी मीही येऊ का मुलाला घेऊन? रेकॉर्डर घरी ठेवून येईन, शब्द देते.